दीड फेऱ्याच्या दळवी मॅडम

दळवी मॅडमच्या शोकसभेत प्राचार्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली आणि मला हसू फुटलं. वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं म्हणूनच तर राधानगरीहून पहिली एसटी पकडून आलो होतो. पण डोळे मिटले आणि समोर मॅडमच उभ्या राहिल्या. उभ्या कसल्या, चालायलाच लागल्या. 'दोन मिनिटं? अहो, तेवढ्यात गोळीचे लाखभर फेरे होत्यात!' असं म्हणत त्या सभागृहाच्या दारातून पार निघूनही गेल्या. हसू दाबायला मी रुमाल तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलले. शेजारच्या गणिताच्या सरांना तो हुंदका वाटला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि एवढं दुःख झालेला दुसरा माणूस दिसेना म्हणून पहिलं भाषण माझ्या गळ्यात पडलं.

ते काही बरं झालं नाही. 'मॅडमच्या हातात कायम बंदूक असायची, तरी त्यांनी मला कधी गोळी घातली नाही, हे त्यांचे उपकार,' असं एक वाक्य मी बोलून गेलो. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं, प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि मी बसलो. वाक्य शब्दशः खरं होतं. का खरं होतं, तेवढं सांगायचं राहिलं. ते इथं सांगतो.

मॅडम आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि मुलामुलींना रायफल नेमबाजी शिकवायच्या. मी मराठीचा. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची सोडली तर बाकी सगळ्यांच्या खुर्च्यांची बैठक खचली होती. मॅडमची खुर्ची मात्र दुकानातून आल्यासारखी, कारण तिच्यावर त्या कधी बसल्याच नव्हत्या. चहाचा पहिला घोट खिडकीशी, दुसरा दारात, आणि रिकामा कप सापडायचा जिन्याच्या कठड्यावर. उंच, सडपातळ, सुती साडी, आणि पायांत करकर वाजणारी चप्पल. परीक्षेला त्यांची सुपरव्हिजन लागली की पोरं काकुळतीला यायची. एकानं तर उभं राहून हात जोडले होते, "मॅडम, तुम्ही बसा की जरा. देवाशपथ, कॉपी करत न्हाई कोण."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बोलू नका, भागाकार करा." कुणी म्हणालं मुलीचं लग्न जमत नाही, तर मॅडम विचारणार, "महिने किती झाले? स्थळं किती बघितली? भागाकार करा की. तीन महिन्याला एक स्थळ बघून कुणाचं जमतंय?" कुणी म्हणालं पोर्शन संपत नाही, तर, "धडे किती, तास किती?" त्यांच्या मते जगातली निम्मी दुःखं ही न केलेल्या भागाकारांची होती. उरलेली निम्मी चुकीच्या संख्येनं भागल्याची.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो पेरूमुळं. वर्षाच्या सुरुवातीला मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या, "नेमबाजीच्या संघाला मॅनेजर पाहिजे." एका क्षणात सगळ्यांनी माना उत्तरपत्रिकांत घातल्या. मी पेरू खात होतो, आणि पेरूत काही मान घालता येत नाही.

"माने, तुम्ही रिकामे दिसताय."

"मॅडम, मला बंदुकीतलं काही कळत नाही. लहानपणी जत्रेत फुगे फोडायला गेलतो, तर फुगेवाल्याची टोपी उडाली."

"म्हणजे उंची चुकली, दिशा बरोबर होती," मॅडम म्हणाल्या. "उठा."

झालो मॅनेजर. मॅनेजरला किमान गोळी का फिरते एवढं ठाऊक पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी सांगितलं, मॅडम, कागदावर काढून दाखवा. कागदावर काढायला बसावं लागतं, तेव्हा ते शक्य नव्हतं. त्या मला धरून बारावीच्या वर्गासकट लॅबच्या मागच्या लोखंडी गोल जिन्यापाशी घेऊन गेल्या.

"भोवरा का उभा ऱ्हातो? फिरतो म्हणून. फिरायचा थांबला की कलंडतो. गोळीचं तेच. न फिरता गेली तर हवेत कोलांट्या खाईल. म्हणून नळीला आतनं पीळ असतो, ह्या जिन्यासारखा. आपल्या पॉइंट टू टू रायफलीचा पीळ कसा, तर सोळा इंचांत एक पूर्ण फेरा. माने, वर जा."

मी वर गेलो.

"आता सावकाश उतरा." मी उतरलो. "किती वेळा गोल फिरलात?"

"दीड वेळा, मॅडम."

"परत जा. आता पळत या. जोरात!"

पोरांसमोर इज्जतीचा प्रश्न होता. मी जीव खाऊन पळालो. पहिला फेरा ठीक झाला. शेवटच्या पायऱ्यांवर जिना संपला, पण माझं फिरणं संपेना. तसाच गरगरत पुढं गेलो आणि संस्थेचे अध्यक्ष नव्या लॅबची पाहणी करायला येत होते, त्यांच्या पोटावर जाऊन थांबलो. त्यांच्या हातातला गुच्छ माझ्या डोक्यावर. मॅडमचं अध्यक्षांकडं लक्षच नव्हतं. त्या पोरांकडं वळून विचारत होत्या, "दोन्ही वेळेला फेरे किती? दीडच! फेरे जिना ठरवतो. पण चक्कर कधी आली? दुसऱ्यांदा! का? वेग! सेकंदाला किती फेरे, हे वेग भागिले पिळाची लांबी. गोळी नळीतून बाहेर पडते सेकंदाला जवळजवळ तेरा हजार इंच वेगानं. भागा सोळानं."

"आठशेच्या वर, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

"सेकंदाला आठशेच्या वर फेरे! आणि नळीत असताना किती? सव्वीस इंचांची नळी. जेमतेम दीड फेरा. तेवढ्या दीड फेऱ्यात जे शिकायचं ते शिकून घेते, आणि पुढं सगळा वेळ तेच करते."

अध्यक्षांना उठवायला मीच हात दिला. ते म्हणाले, "पावणं, तुम्ही कुठल्या विषयाचं?" मी मराठी म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू सगळा उलगडा झाला.

त्या दिवसापासून पोरं मॅडमना 'दीड फेरा' म्हणायला लागली. मॅडमना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबर सोळाचा भाग दिला तर एक पूर्णांक पाच अष्टमांश येतात. पण चालतंय."

सेकंदाला आठशे वगैरे म्हणणारी ती मुलगी रूपाली. शिरोळची, उसाच्या पट्ट्यातली. वडिलांचा ट्रॅक्टर, दोन म्हशी, आणि घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ. बोलायची फार कमी. पन्नास मीटरवर पालथी पडून ती रायफल धरायची तेव्हा तिथं माणूस आहे की पोतं पडलंय कळायचं नाही. मॅडमच्या अगदी उलट. मॅडम मागं येरझाऱ्या घालायच्या, करकर करकर, आणि पुढं ही दगडासारखी.

मॅडमचं ते नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही पोर राज्याच्या संघात गेलं नव्हतं. प्रत्येक जण दारापर्यंत गेला आणि तिथून परतला. एकीला ऐन वेळी गोवर, एकाचं लग्न, एकानं शेवटची गोळी शेजारच्या टार्गेटवर मारलेली. मॅडम हे विनोदानं सांगायच्या, पण सांगताना खिडकीकडं तोंड असायचं. राज्याची निवड चाचणी दसऱ्यानंतर आमच्याच शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर होणार होती. रूपाली जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मॅडमना तर एवढं दिसत होतं की त्यांची झोप उडाली होती. एकदा मला म्हणाल्या, "माने, गोळीचा पुढं जायचा वेग हवेनं लगेच उतरतो. पण गरगर लवकर उतरत न्हाय. टार्गेटवर पोचते तेव्हा पाय थकलेले असत्यात, डोकं मात्र तेवढंच फिरत असतं." गोळीला पाय नसतात हे मी म्हणणार होतो, पण त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता, म्हणून गप्प बसलो.

मग आली खंडेनवमी.

शस्त्रांची पूजा करायची ती नवमी. आमच्याकडं त्या दिवशी विळा-कोयता, नांगर, पान्हे, शिलाई मशीन, सगळ्याला हळदकुंकू लागतं आणि दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मॅडम कुठल्याशा परीक्षेच्या कामाला गेल्या होत्या. मॅनेजर या नात्यानं मला वाटलं, आपल्या रायफली बिनपूजेच्या राहता कामा नयेत. तेवढी एक गोष्ट मला येत होती. झेंडूची फुलं आणली. हळदकुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवलं. खोलीत रायफली रॅकला उभ्या, तोंडं वर. आता बोट कुठं लावायचं? माणसाला कपाळावर लावतात. बंदुकीचं कपाळ म्हणजे सगळ्यांत वरचं टोक, असा माझा हिशोब. म्हणून बरोबर नळीच्या तोंडावर बोटं ओढली. रूपालीच्या रायफलीला, चाचणी तिची म्हणून, दोनदा. वर एक झेंडू नळीच्या तोंडात देठासकट खोचला. फार सुंदर दिसत होतं. मी मोबाइलवर फोटोही काढला. पुढं तो फोटो मॅडमनी बारावीच्या वर्गात दाखवला, 'काय करू नये' या सदरात.

दसऱ्यानंतर रूपाली आली. झेंडू काढला, वरचं कुंकू फडक्यानं पुसलं आणि सरावाला पडली. पहिल्या दिवशी गोळ्या पांगल्या. एक वर, एक डावीकडं, एक कुठंतरी. दुसऱ्या दिवशी तेच. बाकीच्या पोरांच्या गोळ्या एरवीही पांगायच्या, त्यामुळं तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा गोळ्या मारणारी पोर, आणि आता टार्गेट म्हणजे पाखरांनी चोची मारलेला पेरू.

मॅडम पेटल्या. काडतुसांची पेटी बदलली. कुठून तरी गोळीचा वेग मोजायचं यंत्र आणलं. वेग बरोबर. पीळ तर सोळाचा सोळाच, तो कुठं जातोय? भागाकार केला. आठशेच्या वर. परत केला, फळ्यावर केला, हातावर केला. फेरे बरोबर. म्हणजे गोळी बरोबर, नळी बरोबर. राहिलं कोण?

तिसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर मॅडम म्हणाल्या, "वेग खोटं बोलत न्हाय. पीळ खोटं बोलत न्हाय. खोटं तूच बोलतीयास. श्वास रोखते म्हणतीस आणि रोखत न्हाईस. भीती वाटतीया तर वाटतीया म्हण की!"

रूपाली पालथी होती तशीच पडून राहिली. मग तिनं रायफल खाली ठेवली, जाड जॅकेटचे पट्टे एकेक करून सोडले, चटई गुंडाळली आणि भिंतीला लावली. मॅडमना वाटलं पाणी प्यायला गेली. ती गेली थेट स्टँडवर आणि शिरोळच्या गाडीत बसली.

फोन उचलेना. मॅडमचे पाय थांबेनात. रविवारी सकाळी मला रेंजवर बोलावलं आणि रायफली साफ करायला बसवलं, कारण त्यांना काहीतरी चालू असलेलं बघायचं होतं. मी पहिल्या पंधरा मिनिटांत कंटाळलो आणि खिशातली कान साफ करायची कापसाची काडी कानात घालून तंद्री लावली. मॅडम चालता चालता माझ्यापुढं थांबल्या. काडीकडं बघितलं.

"आणखी हाय का ती?"

"मॅडम, नवी आहे, घ्या ना." मला वाटलं त्यांचाही कान खाजत असेल.

त्यांनी काडी घेतली, रूपालीच्या रायफलीच्या तोंडाशी धरली आणि आतल्या कडेवरून हळू हळू गोल फिरवली. एका जागी कापूस अडकला. धागा ओढला गेला. काडी बाहेर आली तेव्हा टोकाला काहीतरी पिवळं-तांबूस.

"माने, हे पिवळं काय हाय?"

माझ्या डोळ्यांपुढं जिना फिरायला लागला. "मॅडम, ती... हळद असावी."

"नळीत?"

"नळीत नाही. कपाळावर."

मॅडम मला एक शब्दही बोलल्या नाहीत. शोकसभेतलं ते वाक्य मला सुचलं ते या क्षणावरून. हातात रायफल होती, शेजारी काडतुसं होती, आणि कुठल्याही न्यायालयानं त्यांना सोडून दिलं असतं. त्या फक्त स्वतःशी पुटपुटत होत्या. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या कडेवरून ती चहूबाजूंनी एकदम सुटायला पाहिजे. एका बाजूला गाळ चिकटला तर मागचा वायू दुसऱ्या बाजूनं आधी निसटतो आणि जाता जाता गोळीला ढुशी देतो. फेरे आठशेच्या आठशेच, पण गोळी डुलत जाते. भागाकार बरोबर होता. तो प्रश्नच हा नव्हता.

त्यांनी कड साफ केली. मग स्वतः चटईवर पडल्या, गुडघ्याच्या पट्ट्यासकट, आणि पाच गोळ्या मारल्या. टार्गेट आणायला मी गेलो. सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं. मी आनंदानं ओरडत परत आलो, तर मॅडम स्कूटरची किल्ली काढून उभ्या.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"शिरोळला."

स्कूटरवर मी मागं. उचगाव सुटलं, हातकणंगले सुटलं. मी दोनदा माफी मागितली, ती वाऱ्यावर गेली. जयसिंगपूरला त्यांनी सिग्नल तोडला, आणि मला वाटलं माझी पूजा आता कायमची उजवणार.

रूपालीचे वडील अंगणात ट्रॅक्टरच्या खाली होते. बाहेर आले, हात पुसले. "या मॅडम, बसा की. आणि हे पावणं कोण?"

मॅडम रागातच होत्या. "ह्यांनीच कुंकू लावलं," त्या म्हणाल्या.

वडिलांनी घाईघाईनं मला नमस्कार केला आणि आत आवाज दिला, "अगं, मॅडमचं मालक पण आल्यात. च्या दोन कप टाक!" यावर मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण मॅडमनी असं बघितलं की मी मालक म्हणूनच चहा प्यालो.

रूपाली गोठ्यात होती. बाहेर आली नाही. वडील म्हणाले, "पोरगी बोलंना झालीया मॅडम. म्हशीसंगं तेवढी बोलती." मॅडम बाजेवर बसल्या. बसल्या त्या बसल्याच. मी त्यांना एवढा वेळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, पुराच्या रेघेपर्यंत गेलं. वडील दोनदा उसाच्या भावावर बोलले, मी दोनदा मान हलवली. मॅडमची एक टाच तेवढी जमिनीवर हलत होती, ती त्यांनी दुसऱ्या पायानं दाबून धरली.

शेवटी रूपाली आली. हाताला चारा लागलेला. उभीच राहिली.

"नळीच्या तोंडाला हळद हुती," मॅडम म्हणाल्या. "ह्या माणसानं लावलेली. तुझं काय चुकलं न्हवतं."

"बरं."

"मी साफ केली. आता बघ, एकच भोक पडतंय."

"बरं झालं की." मग रूपाली म्हणाली, "मॅडम, गोळी बाहेर गेली ती हळदीनं. पण तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालात, ते कशानं?"

वडील ट्रॅक्टरकडं बघायला लागले. मला फार वाटलं की मधे पडावं आणि सांगावं, तेही माझ्यानंच. पण तेवढं खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"ते मीच," मॅडम म्हणाल्या. "त्याला दुसरं कोण न्हाय. हिशोब जुळला की मला माणूस दिसत न्हाय. चुकलं माझं."

रूपालीनं पदरासारखी ओढणी कमरेला खोचली, सोडली, परत खोचली. "मी येते. पण एक हाय. चाचणीला तुम्ही आत यायचं न्हाय."

"म्हणजे?"

"रेंजच्या आत यायचं न्हाय. तुम्ही मागं हिंडता. मला चप्पल ऐकू येती. मी श्वास धरते, तो तुमच्यासाठी धरते. मला एकदा माझा धरू द्या."

मी मॅडमकडं बघितलं नाही. एवढ्या वर्षांनी दारापर्यंत आलेलं हे शेवटचं पोर, आणि ते म्हणतंय, दार बाहेरून लावून घ्या.

"बरं," मॅडम म्हणाल्या. उठल्या, आणि स्कूटरची किल्ली शोधत अंगणात उगाच दोन चकरा मारल्या. किल्ली हातातच होती.

चाचणीच्या दिवशी माझ्या खिशात बदलीचा हुकूम होता. संस्थेच्या राधानगरीच्या शाखेत दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, आणि अध्यक्षांच्या पोटाचा या बदलीशी काही संबंध असेल तर तो मी सिद्ध करू शकत नाही. त्यामुळं संध्याकाळची गाडी गाठायची होती. पण मॅडमना एकटं कसं सोडणार? त्या रेंजच्या भिंतीबाहेर, गाड्या लावतात तिथं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होत्या. आज पायांत कापडी बूट. भिंतीपलीकडून आवाज यायचे, टप्, टप्, सुकलेली शेंग फुटावी तसे.

"ऐका," मॅडम थांबल्या. "ही नव्हं... ही नव्हं... ही! ही आपली. कडेची. थांबते बघा, मग सोडते."

मला सगळ्या शेंगा सारख्याच. "मॅडम, कशावरनं?"

"अहो, कानाला कळतंय. आत जा आणि बघून या."

मला आत जायला बंदी नव्हती. मी गेलो. सगळ्या पोरी पालथ्या, पाठमोऱ्या, एकसारख्या जॅकेटात. मागच्या काचेपलीकडून दुर्बिणीला डोळा लावला, रूपालीचं एक नंबरचं टार्गेट शोधलं आणि बाहेर आलो. "मॅडम, नऊ आहे. एक आठपण आहे."

"आठ?" त्यांचा आवाज बारीक झाला. "व्हय?"

परत गेलो. परत आठ. मग एक सात. प्रत्येक वेळी बाहेर येताना मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करायचो आणि प्रत्येक वेळी मॅडम तो चेहरा दारातच वाचायच्या.

"घाई करतीया," त्या म्हणाल्या. कान भिंतीला लावलेला. "सुरुवातीला बरी हुती. मधनं घाई करायला लागली. माने, मी आत असते तर नुसती खाकरले असते." मग जरा थांबून, "न्हाय. मी आत असते म्हणूनच तर ही वेळ आली." आणि परत चालायला लागल्या. एकदा तर दाराच्या कडीला हात घातला. त्यांनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

आवाज थांबले. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि रूपाली बाहेर आली, घामानं केस चिकटलेले, जॅकेट खांद्यावर.

"मॅडम, लागला नंबर. संघात हाय मी."

मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. "पण ते आठ? सात?"

"कुठलं सात? सात कुठं मारलंय मी?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"माने," मॅडम म्हणाल्या, "टार्गेट कुठून मोजलंत?"

"दारापासून, मॅडम."

"डावीकडनं मोजायचं असतंय!" रूपाली म्हणाली. "दार उजवीकडं हाय!" आणि पहिल्यांदाच, मी तिला ओळखत होतो तेवढ्या काळात पहिल्यांदाच, ती खळखळून हसली. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रूपालीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, जोरात, गाल चेपतील एवढा, आणि सोडला. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मग मघापासनं मी ऐकतीया ती कोण?"

"कोण असंल दुसरी. दाराकडची कडेची लेन."

"आता आत आलं तर चालंल?"

"आता चालतंय की, मॅडम. चला, माझं टार्गेट दाखवते."

मॅडमनी टार्गेट घेतलं. उजेडाकडं धरलं. मी वाट बघत होतो, आता विचारणार, हा एक डावीकडं का सरकला. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या आणि कागद रूपालीच्या हातात परत दिला. रूपालीनं तो छातीशी धरला, आणि मॅडम तिच्या बाजूनं पुढं गेल्या.

दाराकडच्या कडेच्या लेनमध्ये एक मुलगी चटईवर बसून जॅकेटचे पट्टे सोडत होती. नाक लाल. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

"कुठली गं तू?"

"गडहिंग्लजची," मुलगी म्हणाली आणि उठायला लागली.

"उठू नको. परत पड. रायफल धर. मोकळीच धर."

मुलीला काही कळेना, पण मॅडमच्या आवाजापुढं कळायची गरज नसते. ती पालथी पडली. आणि मॅडम, सुती साडी, गुडघ्याला पट्टा, साठीला टेकलेल्या, तिच्या शेजारी सिमेंटवर सरळ पालथ्या पडल्या. हनुवटी हातावर. रेंजवरचे लोक चटया गुंडाळता गुंडाळता थांबले. रूपाली दोन कप चहा घेऊन आली आणि कप कुठं ठेवावेत कळेना म्हणून तशीच उभी राहिली. माझी गाडी चुकणार होती. मी दारापर्यंत गेलो आणि वळून बघितलं. मॅडमना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून टार्गेटकडं बघत बोलत होत्या.

"तुझा एकूण एक बार मी ऐकलाय बाहेरनं. पहिले चांगले हुते. मधनं तू घाई करायला लागलीस. का गं?"

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. "तुम्ही माझं ऐकत होता?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं न्हाय."